दुधी तावदान : प्रकाशाचा एक पाठ व एक हस्तव्यवसाय

आपल्या प्राथमिक शाळांच्या इमारती पाहत गेले असता एक गोष्ट वारंवार नजरेस पडते. वर्गाच्या खिडक्या मोकळ्या असतात. परंतु मुलींचे स्वच्छतागृह, कपडे बदलण्याची खोली किंवा शिक्षिकांच्या विश्रांतीची जागा यांच्या खिडक्यांवर जुनी वर्तमानपत्रे डकविलेली असतात, गोणपाट टांगलेले असते, किंवा तावदानांस सरळ तैलरंग फासलेला असतो. हेतू चांगला असतो. आडोसा हवा असतो. पण आडोसा करताना उजेडही घालविला जातो. अंधाऱ्या खोलीत ओल राहते, कीटक राहतात, आणि लहान मुली तेथे जाण्यास भितात.

प्रस्तुत लेखकाने ही चूक स्वतः केलेली आहे. एका शाळेत काम करीत असताना मुलींच्या स्वच्छतागृहाच्या तावदानांस मी हिरवा तैलरंग दिला व आपण एक चांगले काम केले अशा समाधानात राहिलो. पुढे दोन महिन्यांनी शाळेतील बाईंच्या लक्षात आले की, पहिली-दुसरीच्या मुली त्या खोलीत एकेकट्या जातच नाहीत, आणि वरच्या वर्गातील काही मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत. कारण विचारता एका मुलीने सांगितले, "बाई, आत काही दिसतच नाही." माझ्या एका डबा रंगाने त्या मुलींची तहान अडविली होती. तेव्हापासून या प्रश्नाकडे मी अधिक बारकाईने पाहू लागलो.

आडोसा आणि उजेड ही दोन्ही एकाच तावदानातून मिळू शकतात. व्यवहारात ज्या काचेस आपण दुधी काच म्हणतो, ती हे काम करते. साधे तावदान दुधी करण्याचा रंग आता फवाऱ्याच्या डब्यात मिळतो, आणि सुटीच्या एका दिवसात दोन शिक्षक एका खोलीचे काम पुरे करू शकतात. शिवाय या कामाच्या निमित्ताने विज्ञान, गणित, चित्रकला व कार्यानुभव या चारही विषयांचा पाठ घेता येतो. त्याची रूपरेषा खाली दिली आहे.

पाठाचे उद्देश

१. पारदर्शक, अर्धपारदर्शक व अपारदर्शक या तीन प्रकारांतील भेद मुलांनी प्रयोगाने जाणावा.
२. दुधी काच प्रकाश अडवीत नाही, प्रतिमा मोडते, हे मुख्य तत्त्व मुलांस समजावे.
३. दुधी काच कोठे उपयोगी पडते व कोठे फसविते, हे मुलांनी स्वतः पडताळून पाहावे.
४. सुबक, मोजून-मापून व सुरक्षितपणे काम करण्याची सवय लागावी.

प्रस्तावना

पाठाचा आरंभ खडीसाखरेने करावा. खडीसाखरेचा एक स्वच्छ खडा प्रत्येक गटास द्यावा व तो उजेडाकडे धरून पाहण्यास सांगावे. खडा बराचसा काचेसारखा दिसतो. मग तोच खडा खलबत्त्यात कुटून त्याची पूड करावी. पूड पांढरी शुभ्र दिसते.

"मुलांनो, खड्यात पांढरा रंग होता काय?" असे विचारावे. मुले नाही म्हणतील. "मग तो आला कोठून?" या प्रश्नावर थोडा वेळ विचार करू द्यावा, उत्तर सांगण्याची घाई करू नये. कोणी म्हणेल खलबत्ता पांढरा असेल, कोणी म्हणेल आत काही मिसळले असेल. स्वच्छ पाण्याचा फेस पांढरा का दिसतो, असे विचारून आणखी एक दुवा द्यावा. काच फुटून तिचा चुरा झाला म्हणजे तोही पांढरा दिसतो, हे मुलांच्या पाहण्यात असतेच. मात्र काचेचा चुरा वर्गात आणू नये.

विषयविवेचन

प्रकाश हवेतून काचेत शिरताना पृष्ठभागावर थोडा परत फिरतो आणि बाकीचा आत जातो. तावदानावर समोरून पडणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे ४ टक्के भाग पहिल्या पृष्ठभागावरून आणि साधारण तेवढाच दुसऱ्या पृष्ठभागावरून परत येतो. उरलेला बहुतेक प्रकाश पार होतो. पृष्ठभाग सपाट असल्यामुळे किरण आपला क्रम सोडत नाहीत. पलीकडच्या झाडाच्या शेंड्याकडून आलेले किरण शेंड्याचे राहतात, बुंध्याकडून आलेले बुंध्याचे राहतात. म्हणून आपणांस झाड स्पष्ट दिसते.

आता पृष्ठभाग खरबरीत केला, किंवा त्यावर अतिशय बारीक कणांचा थर बसविला, तर काय होईल? प्रत्येक किरण ज्या ठिकाणी पडेल तेथील उंचवट्यानुसार वेगळ्या दिशेस वळेल. प्रकाश पलीकडे पोचेल, पण शेंड्याचे किरण बुंध्याच्या किरणांत मिसळून जातील. यास प्रकाशाचे विकिरण म्हणतात. खोलीत उजेड येतो, चित्र मात्र येत नाही. खडीसाखरेच्या पुडीचेही असेच आहे. एका खड्याचे हजारो कण झाले, प्रत्येक कणास स्वतःचे पृष्ठभाग आले, आणि प्रकाश त्या असंख्य पृष्ठभागांवर आपटून सर्व दिशांस पसरला. सर्व रंगांचा प्रकाश सारखाच पसरतो, म्हणून पूड पांढरी दिसते.

फळ्यावर दोन आकृत्या काढाव्यात. पहिलीत सपाट काचेतून समांतर जाणारे बाण. दुसरीत खरबरीत काचेतून निघून पंख्याप्रमाणे पसरणारे बाण. आकृत्यांखाली मुलांकडूनच वाक्ये घ्यावीत.

यापुढे तीन प्रयोग करावेत. त्यांसाठी लागणारे साहित्य प्रत्येक गावी मिळते.

प्रयोग पहिला : अंतर. पातंगी किंवा ट्रेसिंगचा अर्धपारदर्शक कागद पुस्तकाच्या पानावर टेकवून ठेवावा. अक्षरे वाचता येतात. कागद हळूहळू वर उचलावा. बोटभर उंचीवर अक्षरे अंधुक होतात, वीतभर उंचीवर ती नाहीशी होतात. कागद तोच, उजेड तोच. बदलले ते केवळ अंतर. हे गणिताने सांगता येते. समजा, तावदानापासून १० सेंटिमीटर अंतरावरील एक ठिपका पसरून २ सेंटिमीटर रुंदीचा डाग दिसतो. तर १०० सेंटिमीटर अंतरावरील ठिपका पसरून २० सेंटिमीटर रुंदीचा दिसेल. म्हणजे खिडकीपासून दूर उभ्या असलेल्या माणसाचे नाक-डोळे एकमेकांत विरून जातात. पण काचेला हात टेकविला तर पाचही बोटे मोजता येतात.

प्रयोग दुसरा : ओलावा. साध्या कागदावर गोडेतेलाचे दोन थेंब सोडावेत. भजी बांधून आणलेल्या कागदावर असा डाग मुलांनी पाहिलेलाच असतो. डागातून उजेड अधिक येतो, कारण कागदाच्या तंतूंमधील हवेची जागा तेलाने घेतली. हवा व तंतू यांच्यात प्रकाश वळविण्याच्या बाबतीत फार फरक होता. तेल व तंतू यांच्यात तो थोडा उरला. खरबरीत दुधी काचेच्या खरबरीत अंगावर पाणी पडले असता हेच घडते. पाण्याने खळगे भरतात, पृष्ठभाग पुन्हा सपाटासारखा होतो, आणि काच काही काळ बरीचशी पारदर्शक बनते. स्नानगृहाच्या खिडकीसंबंधी ही गोष्ट विसरून चालत नाही.

प्रयोग तिसरा : दिव्याची बाजू. वर्गाचे दार-खिडक्या लावून थोडा अंधार करावा. लाकडी चौकटीवर अर्धपारदर्शक कागद ताणून पडदा करावा. एक मुलगा पडद्यामागे उभा करावा व त्याच्याही मागे विजेरी धरावी. पडद्यावर त्याची सावली ठळक उमटते. तो पडद्याजवळ सरकला की ती अधिकच रेखीव होते. आता विजेरी मुलाच्या मागून काढून पडद्याच्या वरच्या काठाशी, मुलाकडे तोंड करून धरावी. सावली मागच्या भिंतीवर जाते आणि पडद्यावर केवळ अंधुक छटा उरते.

या तिसऱ्या प्रयोगाचे महत्त्व मला अनुभवाने कळले. वर सांगितलेल्या शाळेत हिरवा रंग खरवडून आम्ही तावदाने दुधी केली. खोली उजळली, मुली निर्धास्तपणे जाऊ लागल्या. पुढे स्नेहसंमेलनाच्या संध्याकाळी त्याच खोलीत मुली नाटकाचे पोशाख करीत होत्या. आत दिवा लावलेला, बाहेर अंगणात अंधार. तावदानांवर त्यांच्या सावल्या उमटत होत्या, आणि अंगणात गाव बसलेला होता. बाईंच्या ध्यानी येताच त्यांनी एक लुगडे आणून खिडकीवर टांगले. दुसऱ्या दिवशी आम्ही दिव्याची जागा बदलली. समोरच्या भिंतीवरील दिवा काढून खिडकीच्याच भिंतीवर, खिडकीच्या वरच्या बाजूस बसविला. तसेच रात्रीच्या उपयोगासाठी एक पडदाही कायमचा लावला. दिवसा बाहेर उजेड अधिक असतो म्हणून दुधी काच आडोसा करते. रात्री आत उजेड अधिक झाला की तिचा भरवसा धरता येत नाही.

थोडा इतिहास

पाठाच्या ओघात मुलांस काही माहिती सांगावी. काच ही मुख्यतः वाळू, सोडा व चुनखडी वितळवून होते. आपल्या प्रांतात तळेगाव दाभाडे येथे १९०८ साली लोकांच्या पैशा-पैशाच्या वर्गणीतून पैसा फंड काच कारखाना निघाला, आणि १९१६ साली कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा काच कारखाना सुरू झाला. त्या वसाहतीस ओगलेवाडी हे नाव पडले व तेथील प्रभाकर कंदील घरोघर गेला. आजी-आजोबांकडे अशा कंदिलाची आठवण असेल तर ती मुलांनी विचारून यावी.

काच दुधी करण्याचे जुने कारखानदारी मार्ग दोन. एक म्हणजे वाळूचा जोरदार मारा. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील बेंजामिन टिल्घमन याने या यंत्रासाठी १८७० साली पेटंट मिळविले. दुसरा म्हणजे हायड्रोफ्लुओरिक आम्लाने पृष्ठभाग खाववणे. हे आम्ल त्वचेतून आत शिरून हाडांपर्यंत इजा करते. त्याचा शाळेत विचारही करू नये. विजेचा दुधी दिवा मात्र याच मार्गाने झाला. दिव्याच्या काचेस आतून खाववले की ती ठिसूळ होई. १९२५ च्या सुमारास जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील मार्विन पिपकिन याने आम्लाची दुसरी सौम्य प्रक्रिया देऊन तो ठिसूळपणा घालविला.

फवाऱ्याच्या डब्यातील रंग हा त्या मानाने अलीकडचा. अमेरिकेतील इलिनॉय राज्यातील एडवर्ड सेमूर याने १९४९ साली तो प्रथम तयार केला, आणि ही कल्पना त्याच्या पत्नीने सुचविली होती. डब्यात रंगाबरोबर दाबाखाली ठेवलेला वायू असतो. तोटी दाबली की तो रंगास बारीक तुषारांच्या रूपाने बाहेर ढकलतो. दुधी काचेच्या रंगात पारदर्शक राळेत अतिशय बारीक कण मिसळलेले असतात. तो वाळला म्हणजे काचेवर कणांचा पातळ थर बसतो. काच खरवडली जात नाही, तिच्यावर लेप चढतो. म्हणूनच नको झाल्यास तो काढून टाकता येतो.

शिक्षकांनी करावयाचे काम

हे काम शिक्षकांनी स्वतः, मुले शाळेत नसताना करावयाचे आहे. त्याची कारणे पुढे दिली आहेत.

साहित्य : दुधी काचेच्या रंगाचा फवारा-डबा, साबण, पाणी व न गळणारे धुतलेले सुती फडके, कागदी चिकटपट्टी, जुनी वर्तमानपत्रे, दाढीचे पाते, मोजपट्टी, हातमोजे व डोळ्यांवर लावण्याचा चष्मा.

पूर्वतयारी : प्रथम तावदान व चौकट तपासावी. तडा गेलेली काच दुधी करू नये, ती बदलावी. रंगाने काचेस बळ येत नाही. लांबी निखळली असेल तर ती भरून वाळू द्यावी. नंतर काच साबणाच्या पाण्याने धुऊन, स्वच्छ पाण्याने खळबळून, पूर्ण कोरडी करावी. बोटाचा तेलकट ठसा राहिला तर तेथे रंग धरत नाही आणि ठसा पुढे डागाच्या रूपाने दिसतो. लाकूड व लांबी यांवर चिकटपट्टी लावावी, आणि सभोवती हातभर अंतरापर्यंत वर्तमानपत्रे बसवावीत.

रंग कोणत्या अंगास द्यावा? ज्या अंगावर पाणी उडणार नाही त्या अंगास. वर्गाच्या खिडकीस तो आतून द्यावा म्हणजे पाऊस लागत नाही. स्नानगृहात जर आतून पाणी उडत असेल व बाहेर चांगला छज्जा असेल, तर बाहेरून देणे बरे. तथापि आधी काचेच्या एका तुकड्यावर रंग देऊन, तो वाळल्यावर पाण्याने भिजवून पाहावा. मगच निर्णय करावा.

फवारणी : डबा हलवावा. आतील गोळीचा खडखड आवाज येऊ लागल्यावर आणखी एक-दोन मिनिटे हलवीत राहावे. एकदा वर्तमानपत्रावर फवारून हात बसवावा. डबा काचेपासून २५ ते ३० सेंटिमीटर अंतरावर, काचेस समांतर धरावा. तोटी काचेच्या बाहेर दाबावी, हात एका गतीने आडवा न्यावा, आणि काच ओलांडल्यावर तोटी सोडावी. पुढचा पट्टा आधीच्या पट्ट्यावर थोडा चढता द्यावा. सारवण करताना जसा हात मागचा फेर झाकीत पुढे जातो, तसेच हे आहे.

पहिला हात इतका पातळ द्यावा की तो अपुरा वाटावा. डब्यावर लिहिलेला वेळ जाऊ द्यावा आणि मग दुसरा हात उभ्या दिशेने द्यावा. बहुधा दोन-तीन पातळ हातांत काम होते. एकच जाड हात देण्याचा मोह टाळावा. जाड रंग ओघळतो. शेवटचा हात थोडा ओलसर असतानाच चिकटपट्टी तिरकी ओढून हळूच काढावी. त्यानंतर एक दिवस काचेस हात लावू नये.

दोष व उपाय : ओघळ आले तर डबा फार जवळ होता किंवा हात मंद होता. रंग पीठासारखा खरखरीत बसला तर डबा फार दूर होता व तुषार वाटेतच वाळले. ठिपके पडले तर काच तेलकट होती. पावसाळी दमट हवेत थरावर पांढुरके डाग येतात. म्हणून हे काम हिवाळ्यात किंवा कोरड्या दिवशी करावे. वारा सुटला असेल तर काम पुढे ढकलावे. बिघडलेला थर वाळल्यावर पात्याने खरवडून काढावा व काच धुऊन पुन्हा आरंभ करावा.

सावधगिरी

डब्यातील वायू व रंगातील द्रावक हे बहुधा ज्वालाग्राही असतात. जवळपास चूल, गॅसची शेगडी, उदबत्ती किंवा विडी पेटती असू नये. शालेय पोषण आहाराच्या स्वयंपाकघराशेजारी हे काम स्वयंपाकाच्या वेळी मुळीच करू नये. डबा उन्हात ठेवू नये. रिकामा झाला तरी तो भोसकू नये आणि जाळात टाकू नये. त्याचा स्फोट होतो.

रंगाची वाफ नाका-फुफ्फुसांस अपायकारक आहे. तोंडास रुमाल बांधल्याने तुषार काहीसे अडतात, वाफ अडत नाही. म्हणून सर्व दारे-खिडक्या उघडी ठेवावीत; शक्य तेथे खिडकीचे झडप बिजागरीतून काढून अंगणात आणून रंगवावे. दम्याचा विकार असणाऱ्यांनी व गरोदर शिक्षिकांनी या कामापासून दूर राहावे. वास पूर्ण जाईपर्यंत मुलांस त्या खोलीत पाठवू नये. शनिवारी दुपारी काम केले तर सोमवारी खोली वापरता येते. उरलेला डबा कुलुपात ठेवावा.

पाणी पिण्याचे पेले, जेवणाची भांडी व तापणाऱ्या दिव्याच्या काचा यांस हा रंग देऊ नये.

शोभा आणि आडोसा

दुधी काचेवर नक्षी काढण्याची हौस सर्वांसच असते, आणि ती योग्यही आहे. तथापि येथे एक विवेक पाळावा. कोरलेला कागद काचेवर लावून फवारले असता कागदाखालची जागा स्वच्छ राहते व तेथे नक्षी दिसते. पण ती स्वच्छ जागा म्हणजे एक भोकच होय. फूल, पान किंवा चांदणी कितीही सुंदर असली तरी तिला डोळा लावता येतो. म्हणून अशी नक्षी ग्रंथालयाचे कपाट, कार्यालयाचे दार अथवा घरातील देवघराची काच यांवरच करावी.

आडोशाच्या खिडकीस नक्षी हवी असेल तर क्रम उलटा ठेवावा. प्रथम सर्व काचेस पुरेसे दुधी हात द्यावेत. ते वाळल्यावर कोरलेला कागद लावून वरून आणखी एक हात द्यावा. नक्षी दाट व विरळ छटांनी दिसते, आणि कोठेही काच उघडी पडत नाही.

मुलांनी करावयाचे काम

मुलांस फवाऱ्याचा डबा देऊ नये. परंतु या कामात त्यांचा वाटा मोठा आहे.

मोजमाप : मुलांनी बाहेरच्या बाजूने तावदाने मोजावीत. उदाहरणार्थ, एक तावदान ४५ सेंटिमीटर लांब व ३० सेंटिमीटर रुंद आहे. त्याचे क्षेत्रफळ १३५० चौरस सेंटिमीटर. अशी सहा तावदाने असल्यास ८१०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे ०.८१ चौरस मीटर. एका तावदानाची परिमिती १५० सेंटिमीटर, म्हणून सहांसाठी ९ मीटर चिकटपट्टी लागेल. डब्यावर किती जागेस रंग पुरतो ते लिहिलेले असते. तेवढ्यावरून किती डबे लागतील हे मुलांनी काढावे. हातांची संख्या हिशेबात धरण्यास विसरू नये.

नक्षी : जाड कागदाची घडी घालून, बोथट टोकाच्या कात्रीने मुलांनी नक्षी कापावी. एका घडीने डावी-उजवी सममिती येते, दोन घड्यांनी चारही बाजूंची. रांगोळीची ठिपक्यांची नक्षी तसेच वारली चित्रांतील त्रिकोण व वर्तुळे या कामास फार सोयीची पडतात. निवडक नक्षी शिक्षकांनी दुसऱ्या हाताच्या वेळी वापरावी व कोणत्या गटाची नक्षी कोणत्या तावदानावर आहे ते मुलांस सांगावे.

स्फटिकांची दुधी काच : फवाऱ्यावाचूनही मुलांस काच दुधी करून पाहता येते. इप्सम सॉल्ट, म्हणजेच मॅग्नेशियम सल्फेट, औषधांच्या दुकानात मिळते. शिक्षकांनी अर्धी वाटी कढत पाण्यात सुमारे अर्धी वाटी सॉल्ट विरघळवून त्यात डिंकाच्या पाण्याचे चार थेंब घालावेत. कोमट झाल्यावर मुलांनी कुंचल्याने हे द्रावण स्वच्छ बाटलीवर किंवा चौकटीत बसविलेल्या काचेवर पातळ लावावे. पाणी सुकत जाईल तसे सुईसारखे स्फटिक पसरत जातात व काच धूसर होते. भिंगातून हे पाहताना मुले रमून जातात. ही काच ओल्या फडक्याने पुसली की पूर्ववत् होते. त्यामुळे ती स्नानगृहास चालणार नाही, पण वर्गाच्या खिडकीस व प्रयोगास उत्तम. सुटी, उघड्या कडांची काच मुलांच्या हाती देऊ नये. द्रावण कोणी चाखणार नाही याकडे लक्ष ठेवावे आणि काम संपल्यावर हात धुवावेत.

पडताळणी

काम झाले म्हणजे संपले असे नाही. पुढील पडताळणी मुख्याध्यापकांनी शिक्षिकेसह अवश्य करावी. शाळेत शिक्षिका नसल्यास आशाताई, अंगणवाडीताई अथवा शाळा व्यवस्थापन समितीतील एखाद्या मातेस बोलवावे.

१. शिक्षिकेने आत उभे राहावे व दुसऱ्या व्यक्तीने बाहेरून पाहावे. केवळ समोरून नव्हे, तर कुंपणापासून, शेजारच्या बांधावरून व पायऱ्यांवरूनही पाहावे. उंचावरून पाहणारा वरच्या मोकळ्या भागातून आत पाहू शकतो.
२. आत उभे राहण्याची जागा तावदानापासून निदान दोन हात दूर असावी. बादली, खुंट्या व आरसा यांची मांडणी तशी करावी.
३. दिवेलागणीनंतर आतील दिवा लावून पुन्हा पाहावे. सावली उमटत असल्यास दिव्याची जागा बदलावी व पडदा लावावा.
४. वाऱ्यासाठी खिडकी उघडावी लागत असेल तर दुधी तावदानाचा उपयोग नाही. अशा ठिकाणी डोळ्यांच्या उंचीपर्यंतचा खालचा भाग बंद व दुधी ठेवावा, आणि वारा वरच्या झडपातून घ्यावा.
५. दार लावून आत साबणाच्या वेष्टनावरील अक्षरे वाचता येतात काय ते पाहावे. येत नसल्यास थर जाड झाला आहे.

आवृत्तीचे प्रश्न

१. खडीसाखरेचा खडा पारदर्शक व पूड पांढरी का?
२. दुधी काचेमागे दूर ठेवलेला चेंडू आणि काचेला टेकविलेला चेंडू यांच्या दिसण्यात काय फरक पडेल? का?
३. पावसात बाहेरून भिजलेल्या खरबरीत दुधी काचेतून अधिक स्पष्ट का दिसते?
४. रात्री खोलीतील दिवा कोणत्या भिंतीवर असावा? आकृती काढून सांगा.
५. स्नानगृहाच्या काचेवर स्वच्छ रेषांची नक्षी का काढू नये?

गृहपाठ म्हणून मुलांनी आपल्या घरातील व वाटेवरील काचा, प्लॅस्टिक, कागद व कापड यांची पारदर्शक, अर्धपारदर्शक, अपारदर्शक अशी तीन रकान्यांत यादी करून आणावी.

शेवटी एक विनंती. आडोसा ज्यांच्यासाठी करावयाचा त्यांस विचारल्याशिवाय काम संपले असे मानू नये. महिन्याभराने शिक्षिकेने किंवा पडताळणीस आलेल्या ताईंनी मुलींस एकत्र बसवून विचारावे : आत पुरेसे दिसते काय? बाहेरून कोणी पाहील अशी भीती वाटते काय? पाणी पिण्याचे कोणी टाळते काय? मी तैलरंग फासला त्या वेळी यांतील एकही प्रश्न विचारला नव्हता, आणि माझी चूक ध्यानी येण्यास दोन महिने लागले. आपल्या शाळेत तेवढा काळ लागू नये, यासाठी हा पाठ येथे दिला आहे.